पाण्याबरोबर गेलेली बातमीदार

‘पोन्नी सेय्दी’ नावाच्या तमिळ दैनिकाच्या तंजावूर कचेरीत नागलक्ष्मी पहिल्यांदा जिना चढून गेली, तेव्हा तिथल्या माणसांना वाटलं, ही छोटी जाहिरात द्यायला आलेली दिसते. एकाने तर न विचारताच दर सांगायला सुरुवात केली.

“मला जाहिरात द्यायची नाही,” ती म्हणाली. “तुमची जाहिरात वाचून आलेय. बातमीदार पाहिजे म्हणून तुम्हीच छापलंय ना?”

कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलामागून कचेरीचे प्रमुख शेषाद्री यांनी मान वर केली. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, कपाळावर बारीक नाम, खिशात दोन पेनं, गालात विडा.

“आम्हाला पुरुष पाहिजे होता, अम्मा.”

“तसं लिहिलेलं नव्हतं, सार.”

“लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.”

“पदवी हवी, तमिळ चांगलं हवं, मोपेड असल्यास उत्तम, असं लिहिलं होतं. मी तमिळची एम. ए. आहे. मोपेड खाली उभी आहे.”

शेषाद्री उठून खिडकीपाशी गेले. खाली खरंच एक निळी टीव्हीएस उभी होती, हँडलला कापडी पिशवी अडकवलेली. ती गाडी हनुमंतरावांची, म्हणजे नागलक्ष्मीच्या वडिलांची. हायस्कुलात गणित शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते, आणि आता रोज शाळेत जायचं नाही तर गाडी तरी कशाला, म्हणून त्यांनी किल्ली मुलीच्या हातात ठेवली होती. ती गाडी घेऊन लेक कुठवर जाईल, याचा अंदाज मात्र त्या गणिताच्या मास्तरांनाही नव्हता.

शेषाद्रींनी तिला एक पान लिहायला लावलं, ते वाचलं आणि विडा या गालातून त्या गालात नेला. “घर रावजींचं, मराठी लोकांचं दिसतंय तुमचं. घरात मराठी बोलता?”

“हो सार.”

“मग एवढं सरळ तमिळ कुठून आलं?”

“गल्लीतून सार. आणि कॉलेजातून.”

अशी नागलक्ष्मीला नोकरी लागली. पण बातमीदाराची नाही. आठवड्यातून एकदा निघणारं महिलांचं पान तिच्याकडे आलं. बातमीदाराच्या जागेवर पापनाशमचा एक मुलगा घेतला गेला. त्याच्याकडे मोपेडही नव्हती.

ते दिवस मोठे धामधुमीचे होते. तंजावुरात गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडत होते, छपरांवर केबलच्या तबकड्या उगवत होत्या, आणि कालपर्यंत ज्यांना फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं ते लोक रस्त्यावर उभं राहून दुबईच्या जावयाशी मोठमोठ्याने बोलत होते. ‘पोन्नी सेय्दी’चा छापखाना तिरुच्चीला. तंजावूरच्या बातम्या कागदावर लिहून, पाकिटात घालून, संध्याकाळच्या तिरुच्ची बसच्या कंडक्टरकडे द्यायच्या. तिकडे बसस्टँडवर माणूस उभा असे. फारच तातडीची बातमी असली तर ती फोनवरून ओरडून सांगायची. नागलक्ष्मीला हे सगळंच इतकं आवडलं, की कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या स्पर्धा आणि अप्पळम-पापड वाळवण्याच्या युक्त्या लिहितानाही तिचा एक कान फोनकडे लागलेला असे.

कचेरीत बायकांसाठी मोरीसुद्धा नव्हती. तिची ती अडचण शेजारच्या विशालाक्षी अक्काने सोडवली. विशालाक्षी अक्काही मराठी बोलणाऱ्यांपैकीच. नवरा गेल्यावर तिने घराच्या ओट्यावर काचेची खोली बांधून एसटीडी बूथ टाकला होता आणि सकाळपासून ती तिथे ठाण मांडून बसलेली असे.

“मागल्या दारानं ये जा करीत जा,” ती म्हणाली. “मज विचारायची गरज नाही. आणि कॉफी प्यायल्याशिवाय जायचं नाही, हें सांगून ठेवत्ये.”

एकदा बायपासवर बस उलटली. नागलक्ष्मी योगायोगाने जवळच होती. ती सर्वांच्या आधी तिथे पोचली, जखमींची नावं, ड्रायव्हरचं म्हणणं, सगळं टिपून रस्त्याची धूळ अंगावर घेऊन कचेरीत आली. शेषाद्रींनी कागद घेतले, “छान, छान” म्हणाले आणि बातमी पुन्हा लिहायला पापनाशमच्या मुलाकडे दिली. ‘आमच्या बातमीदाराकडून’ म्हणून ती छापून आली. नागलक्ष्मीने तो अंक घरी नेला. हनुमंतरावांनी बातमी दोनदा वाचली.

“हें तुझंच आहे की,” ते म्हणाले.

“कसं ओळखलंत अप्पा?”

“बस कुठल्या बाजूस कलंडली तें लिहिलंय. तो मुलगा लिहिता तर मंत्री किती वाजतां आले तें लिहिता.”

त्या वर्षी मेट्टूरचं धरण उशिरा उघडलं. आषाढ संपत आला तरी कावेरीच्या पात्रात वाळूच दिसत होती, आणि रोपं टाकायची वेळ निघून चालली होती. त्यात तमिळ आडि महिन्याची अठरावी तारीख जवळ आलेली. त्या दिवशी बायका नदीवर जातात, नव्या पाण्याची पूजा करतात, हळद-फुलं सोडतात, घरून नेलेले निरनिराळे भात काठावर बसून खातात. नदीच कोरडी असेल तर पूजा कशाची करायची? म्हणून धरण उघडल्याची बातमी आली तशी सगळ्या मुलुखात एकच गलबला उडाला.

मेट्टूरहून निघालेलं पाणी कल्लणैच्या जुन्या बांधावर पोचलं, त्या दिवशी तिथे मोठा समारंभ झाला. मंडप, सनई, मंत्री, जीपगाड्या. शेषाद्री, फोटोग्राफर आणि पापनाशमचा मुलगा भाड्याच्या गाडीतून गेले. फुलं वाहायला आलेल्या बायकांवर लिहायचं म्हणून नागलक्ष्मी आपल्या मोपेडवरून मागोमाग गेली. मंत्र्यांनी कळ दाबली, दरवाजे वर उचलले गेले, पाण्याने असा काही हुंकार दिला की सनईवाले वाजवायचे थांबले. माणसांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले. आणि अर्ध्या तासात मंडप रिकामा झाला. सगळे बातमीदार पाकीट बसला द्यायला धावले.

नागलक्ष्मी तिथेच उभी होती. पाणी खाली उतरून, वळून, फाट्याफाट्याने पुढे चाललं होतं आणि त्याच्याकडे आता कोणीच पाहत नव्हतं. तिच्या मनात आलं, बातमी तर ही चालली! आपण सगळे ती जिथून निघाली तिथेच उभे राहून परत फिरतो.

तिने जवळचा बूथ गाठला आणि शेषाद्री पोचल्याचा अंदाज घेऊन कचेरीत फोन लावला.

“सार, मला पाण्याबरोबर जायचंय.”

“कुठे?”

“ते जाईल तिथे. शेवटच्या गावापर्यंत.”

“पाणी उघडलं, बातमी झाली, अम्मा. आता त्यात काय उरलं?”

“पोचलं की नाही ते उरलं सार.”

शेषाद्रींनी महिलांच्या पानाची फाईल पुढे ओढली. मग म्हणाले, “आडि अठराला बायका पूजा करतात ना, त्यावर महिलांच्या पानाला मजकूर लागेल. त्यासाठी जा. बाकी मला काही माहीत नाही.”

एवढी परवानगी तिला पुष्कळ झाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निघाली. कावेरीचा कुडमुरुट्टी नावाचा फाटा तिरुवैयारुजवळून पापनाशमकडे जातो. त्या फाट्याच्या काठाने, बैलगाडीच्या चाकोरीतून मोपेड हाकत ती पाण्याचं टोक शोधू लागली. आणि एका वळणावर तिला ते दिसलं. तिला वाटलं होतं, लाट असेल. पण ते तर चालत होतं! माणसाच्या चालीने चाललं होतं. पुढे पिवळट फेस, फेसावर वाळकी पानं, कडुनिंबाच्या काड्या, कोणाची तरी तुटकी चप्पल. कोरड्या मातीच्या भेगांतून खेकडे वर येऊन तिरके पळत होते. दोन्ही काठांनी बगळे पाण्याच्या बरोबरीने पावलं टाकत होते, आणि मातीत पाणी शिरताना असा चुर्र आवाज येत होता, जसा तापल्या तव्यावर येतो. काठावरच्या एका गावात म्हातारा माणूस पात्रात उतरून उभा होता. पाणी पायाला लागलं तसे त्याने दोन्ही हात जोडले. त्याच्या मागे उभी असलेली त्याची बायको म्हणाली, “पुरे, आता वर या, सर्दी होईल.”

नागलक्ष्मी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने हे सगळं तसंच्या तसं लिहिलं. संध्याकाळी कागद शेषाद्रींच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वाचले, पुन्हा वाचले आणि महिलांच्या पानाच्या फायलीत न घालता तिरुच्चीच्या पाकिटात घातले.

पहिल्या पानाच्या तळाशी ते छापून आलं. नाव नव्हतं, पण सकाळी तिरुच्चीहून संपादकांचा फोन आला: “तुमच्याकडे हे लिहिणारा कोण आहे?”

“आहे एक आमच्याकडे,” शेषाद्री म्हणाले. आणि फोन ठेवून नागलक्ष्मीला म्हणाले, “जा. आज कुठवर जातं बघ.”

असे तिचे दिवस सुरू झाले. सकाळी निघायचं, पाण्याचं टोक गाठायचं, त्याच्याबरोबर दिवस काढायचा, संध्याकाळी परत. केस मातीने भरलेले, साडीच्या निऱ्या चिखलाने कडक झालेल्या. आई दारात उभी राहून कपाळाला हात लावी.

“रविवारी तिरुवैयारुचे लोक तुज पाहायला येणार आहेत,” आई म्हणाली. “वरुणराव, बँकेत आहे मुलगा. तेवढा एक दिवस तरी घरीं राहा.”

“रविवारीं पाणी पापनाशमच्या पुढे जाईल, आई.”

“पाणी जाईल कोठें तें जाईल! तूं कोठें जाणार तें सांग!”

हनुमंतराव पेपरामागून म्हणाले, “ती येईल. नाही आली तर मी आहे की घरीं.”

रविवारी ती पापनाशमच्या पुढे, मोठ्या फाट्यातून निघणाऱ्या एका लहान कालव्याच्या काठावर होती. या कालव्याच्या टोकाला ओडैनल्लूर नावाचं गाव. त्याच्या पुढे कालवाच नाही. नागलक्ष्मी पाण्याच्या आधी तिथे जाऊन पोचली. गावात नुसती लगबग चालली होती. बायकांनी घाटाच्या पायऱ्यांवरची माती खरवडून काढली होती, पायऱ्यांवर कोलम घातले होते. दुसऱ्या दिवशी आडि अठरा. कालवा मात्र कोरडा ठणठणीत.

“संध्याकाळपर्यंत येईल,” बायका म्हणाल्या.

संध्याकाळ झाली. पाणी आलं नाही. ती घरी परतली तेव्हा तिरुवैयारुची मंडळी केव्हाच निघून गेली होती. आई स्वैपाकघरात निघून गेली. मग हनुमंतरावांनीच सांगितलं, “मुलाच्या आईनं विचारलं, मुलगी कोठें आहे. मी पेपर दाखवला. म्हटलं, कालपर्यंत इथवर आली होती, आज अणिक पुढे गेली असेल.”

“मग?”

“मग त्यांनी कॉफी अर्धी ठेवली.” आणि बाप-लेक दोघं एकदम हसत सुटली, तेव्हा आईने स्वैपाकघरातून भांडं जोरात आपटलं.

सोमवारी, आडि अठराच्या दिवशी, ती पुन्हा ओडैनल्लूरला गेली. बायका नटूनथटून घाटावर आलेल्या. कालवा तसाच कोरडा. शेवटी त्यांनी गावच्या पंपाचं पाणी घागरीने आणलं, पायरीवर ओतलं आणि त्याचीच पूजा केली. कोणी गाणं म्हटलं नाही. एका नव्या नवरीने सोडायला आणलेली फुलं परत पदरात बांधली. नागलक्ष्मीला ते पाहवेना.

जवळचा फोन दोन मैलांवरच्या तांदळाच्या गिरणीत होता. गिरणीवाल्याने विचारलं, “घरी फोन करायचाय का, अम्मा?” ती म्हणाली, “पेपरच्या कचेरीत.” नंबर फिरवला, लागेना, पुन्हा फिरवला, लागेना, तिच्या तोंडून मराठीतून निघून गेलं, “काय मेलं हें यंत्र!”

गिरणीवाला चमकला. “आपलीं आहांत काय? मी वेंकटराव! बसा, बसा. त्याला असा थापटा मारावा लागतो.” त्याने फोनच्या डोक्यावर थाप मारली आणि काय आश्चर्य, शेषाद्रींचा आवाज आला.

“कुठे आहेस तू?” ते ओरडले. “आत्ताच सरकारी पत्रक आलंय. आडि अठराच्या आत तालुक्यातल्या शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचलं, असं लिहिलंय. ओडैनल्लूरचं नावसुद्धा आहे त्यात. सगळे पेपर उद्या हेच छापणार.”

नागलक्ष्मीचं रक्त एकदम डोक्यात चढलं. “सार, मी आत्ता ओडैनल्लूरच्या कालव्यातून चालत आलेय. पात्रातून! माझ्या चपलांना धूळ आहे.”

“तासाभरात आलं तर? उद्या सकाळी पेपर उघडायच्या आत पाणी पोचलेलं असेल, मग जगात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अम्मा. तुलाही आणि मलाही.”

ते खरं होतं. तिला ते कळत होतं. “मला थोडा वेळ द्या,” ती म्हणाली. “पाणी कुठे आहे ते बघून येते.”

मोपेड तिने कालव्याच्या काठाने उलटी हाकली. खड्डे, काटे, वाटेत बांधलेल्या म्हशी. मैलामागून मैल कोरडा कालवा. आणि खोटं कशाला बोला, तिला त्यात मजा येत होती. आपण जन्मलो ते बहुधा याचसाठी, असं काहीतरी तिला वाटत होतं. शेवटी एका लहान दरवाजापाशी तिला पाणी सापडलं. दरवाजा खाली पाडलेला, फटींत फळ्या, फळ्यांना वाळूची पोती टेकवलेली. वरच्या अंगाला पाणी भरून वाहत होतं, बाजूच्या गावाच्या शेतांत पसरलं होतं. खालच्या अंगाला थेंब नव्हता. पोत्यांवर चार-पाच माणसं काठ्या घेऊन बसली होती.

“कोण तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“पेपरमधून आलेय.”

ते एकमेकांकडे बघून हसले. पेपरमधून बाई येते, हे त्यांना नवीन होतं. आणि त्यामुळेच असेल, पुरुष बातमीदाराला सांगितलं नसतं ते त्यांनी तिला सांगितलं.

“आम्ही काय चोर आहोत?” त्यांच्यातला थोराड माणूस म्हणाला. “आमचीही रोपं वाळली. दोन दिवस आमची शेतं भिजू देत, मग सोडू. मोजायला कोणी येत नाही, बघायला कोणी येत नाही. आलं असतं तर आम्ही विचारलं नसतं का?”

“खालच्या गावात आज बायकांनी पंपाच्या पाण्याची पूजा केली,” नागलक्ष्मी म्हणाली.

त्या माणसाने हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाला, “माझी बहीण दिली आहे त्या गावात.”

तिने दोन्ही गावांचं म्हणणं मनात पक्कं केलं आणि गिरणीकडे सुटली. वेंकटरावांनी तिची वाट पाहत फोन आधीच थापटून ठेवला होता. पण आता कचेरीचा नंबर गुंतलेला. पुन्हा गुंतलेला. पाकीट बसला द्यायची वेळ टळलीच होती. तिरुच्चीला फोन करायचीही टळत चालली. मग तिला विशालाक्षी अक्का आठवली. तिने बूथचा नंबर फिरवला.

“अक्का, मी नागू! पेन घ्या, लिहा!”

“काय जालं? कोठें पडलीस काय?”

“पडल्यें नाही! लिहा अक्का, मी सांगत्ये तसं!”

आणि तिने सांगायला सुरुवात केली, मनातून थेट तमिळमध्ये, एकेक वाक्य. विशालाक्षी अक्का उभ्याउभ्याच, गिऱ्हाइकांना हाताने थोपवत लिहू लागली. बूथच्या बाहेर रांग लागली. कोणीतरी ओरडलं, “माझा दुबईचा कॉल आहे!” अक्काने दार उघडून सांगितलं, “दुबई कोठें पळून जात नाही! ओडैनल्लूरला पाणी पोचलं नाही, तें ऐका आधी!” मग कोणी कुरकुरलं नाही. उलट काचेला कान लावून सगळे ऐकायलाच लागले. मजकूर संपला तशी अक्का काउंटर तसाच टाकून, कागद फडफडवत कचेरीचा जिना चढली.

शेषाद्रींनी तो वाचला. दरवाजा, फळ्या, वरच्या गावाचं म्हणणं, खालच्या गावाची पूजा, सगळं त्यात होतं. शेजारी सरकारी पत्रक पडलेलं होतं. ते जिना उतरून बूथमध्ये गेले; अक्काने फोन ठेवलाच नव्हता, त्यावरच त्यांनी नागलक्ष्मीला पुन्हा गाठलं.

“दरवाजा तू डोळ्यांनी पाहिलास?”

“हाताने शिवून आले, सार.”

“बरं.” मग ते म्हणाले, “तुझं नाव घालतो. चुकलं तर तुझ्या नावावर, आणि बरोबर ठरलं तर तेही तुझ्याच नावावर. चालेल?”

वेंकटरावांनी बाजूने मान जोरजोरात हलवली, जणू फोनमधून शेषाद्रींना ती दिसणार होती. “चालेल सार,” ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी इतर सगळ्या पेपरांत पाणी पोचलेलं होतं. एकट्या ‘पोन्नी सेय्दी’त ते पोचलेलं नव्हतं. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. आणि खाली: नागलक्ष्मी हनुमंतराव. हनुमंतरावांनी कोपऱ्यावरच्या दुकानातले सगळे अंक विकत घेतले, आणि मग शेजाऱ्यांना वाचायला पेपर उरला नाही म्हणून घरोघर जाऊन वाटत सुटले.

नागलक्ष्मी मात्र तोवर ओडैनल्लूरला होती. रात्रभर तिला झोप नव्हती. पाणी आलं असेल तर? कालव्याच्या काठावर पोचून तिने आधी खाली वाकून बघितलं. धूळ! आयुष्यात धूळ बघून तिला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाची लाज वाटली.

थोड्या वेळाने एक जीप आली. तीतून एक अधिकारी हातात पेपर घेऊन उतरले. “नागलक्ष्मी हनुमंतराव या नावाने कोण माणूस लिहितो हे? कुठे आहे तो?”

“मीच लिहिते, सार. माणूस नाही कोणी.”

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मोपेडकडे, मग कालव्याकडे. ते वाईट गृहस्थ नव्हते. हाताखालच्यांनी लिहून आणलं त्यावर त्यांनी सही केली होती, एवढंच. ते पात्रात उतरले. त्यांचे बूट धुळीने माखले. वर येऊन ते म्हणाले, “दरवाजा दाखवता का?”

जीप पुढे आणि मोपेड मागे अशी वरात दरवाजापाशी गेली. तिथे बरीच वादावादी झाली. खालच्या गावचेही लोक धावत आले, हातघाईची वेळ आली, आणि नागलक्ष्मी मधे उभी राहून दोन्हीकडचं बोलणं लिहीत होती. शेवटी ठरलं: दोन्ही गावांना पाळीने पाणी, आणि पाळी बघायला माणूस नेमायचा. तो थोराड माणूस स्वतः उठला. त्याने पहिलं पोतं उचललं.

फळ्या निघाल्या आणि पाणी असं झेपावलं, की काठावर उभी असलेली माणसं मागे सरकली. नागलक्ष्मीने मोपेडला किक मारली. मोपेड सुरू झाली नाही. पुन्हा किक, पुन्हा नाही. तिने ती तिथेच झाडाला टेकवली, साडीचा पदर खोचला आणि काठाने धावायला लागली. तिच्याबरोबर खालच्या गावची माणसं धावत होती. कोणी हसत होतं, कोणी पाण्यालाच हाका मारत होतं: “वा! वा! चल!” एका सायकलवाल्याने तिला मागे बसवलं. खाली उतरून धावणं, पुन्हा बसणं, असं करत ते सगळे ओडैनल्लूरला पोचले तेव्हा पाणी अजून मागे होतं.

“येतंय! येतंय!”

बायका हातातली कामं टाकून घाटावर धावल्या. आणि मग ते आलं. आधी फेस, मग पानं, मग लालसर, गढूळ, थंड पाणी. पहिल्या पायरीला लागलं, दुसरी बुडाली. तिसरीवरचा पुसट कोलम तरंगत विरघळून गेला. त्या नव्या नवरीने घरात पळत जाऊन ताट आणलं. “काल केली ती पूजा खोटी,” ती ओरडून म्हणाली, “आज पुन्हा करायची!” आणि काल गप्प असलेल्या बायकांनी असा गळा काढून गाणं सुरू केलं की म्हशी बिथरल्या. कोणीतरी नागलक्ष्मीचा हात धरून तिला पाण्यात ओढलं. कमरेइतकं पाणी अंगाला लागलं, तशी ती मोठ्याने ओरडली. काय ओरडली ते तिला स्वतःलाही नंतर आठवेना.

ओल्या साडीनेच ती गिरणीत गेली आणि ‘पाणी पोचलं’ ही बातमी तिने फोनवरून सांगितली. या वेळी नंबर पहिल्याच फटक्यात लागला.

पुढच्या महिन्यात तिला बातमीदाराची जागा मिळाली. जिल्हा कचेरीतल्या पत्रकारांच्या बैठकीत ती पहिल्यांदा गेली तेव्हा शिपायाने तिला तक्रारी घेऊन आलेल्या बायकांच्या बाकावर बसवलं. ती उठून टेबलापाशी आली, तर खुर्ची रिकामी नव्हती. शेषाद्री उठले आणि म्हणाले, “इथे बस. मला पाठदुखी आहे, मी उभाच बरा.” त्यांना पाठदुखी कधीच नव्हती.

तिरुवैयारुच्या लोकांनी पुन्हा विचारणा केली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न कार्तिकेय नावाच्या कॉलेजातल्या मास्तराशी झालं. वधूपरीक्षेच्या दिवशी ती अर्धा तास उशिरा आली, कारण बाजारात आग लागली होती, त्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो, “विझली काय?”

आईचा राग मात्र बराच काळ टिकला. पण कोणा पाहुण्याने “तुमची मुलगी काय करत्ये?” असं विचारलं, की ती इतक्या बारकाईने सांगू लागे, की पाहुण्याची बस चुके.

शहाण्णव साली पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि कितीतरी गावांत प्रथमच बायका अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. मतमोजणीच्या केंद्राबाहेर बातमीदारांची झुंबड उडाली होती. ज्याच्या त्याच्या कॅमेऱ्यासमोर एकेक नवरा हार घालून उभा, आणि निवडून आलेली बाई मागे कुठेतरी पदर सावरत उभी. नागलक्ष्मी गर्दीतून वाट काढत एका घोळक्यापाशी पोचली. नवरा भाषण देत होता: “आम्ही आधी रस्ता करणार...”

“अण्णा, तुम्ही जरा बाजूला उभे राहा,” ती म्हणाली. “अक्का, तुम्ही पुढे या. निवडून तुम्ही आला आहात. आधी काय करणार?”

ती बाई गांगरली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग नागलक्ष्मीच्या हातातल्या पेनाकडे. मग तिने नवऱ्याच्या गळ्यातला हार काढून हातात घेतला.

“रस्ता नंतर,” ती म्हणाली. “आधी शाळेला मोरी बांधायची. पोरी दुपारनंतर घरी पळून येतात. लिहा हे.”

“लिहितेय,” नागलक्ष्मी म्हणाली. “अजून सांगा.”